वाचक विचारतात: जुना लाकडाचा लेथ घ्यायचाय, नेमकं काय बघू?

प्रश्न : नमस्कार सर, मी गडहिंग्लजचा, रिटायर झालोय, घरामागं पत्र्याचं शेड आहे तिथं सुतारकाम करतो, धंदा म्हणून नाही, हौस म्हणून, वर्षातनं दोन-तीन वस्तू होतात. आता डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या करायच्यात आणि घरच्यांना पाय लेथवर (लाकूड फिरवून गोल आकार देणाऱ्या मशीनवर) काढलेलेच पाहिजेत. दोन जुने लेथ बघून ठेवलेत. एक आपल्याच भागातल्या बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातला, सहा फुटी, लोखंडी चॅनेलच्या बेडवर (खालच्या लांब सांगाड्यावर) बिडाचं हेड (लाकूड फिरवणारा भाग) बसवलेलं, २ एचपी थ्री फेज मोटर, दिसायला अगदी भंगार. दुसरा पुण्यात एकांकडं आहे, बाहेरून आणलेला मिनी लेथ, नव्यासारखा चकचकीत, नॉब फिरवला की स्पीड बदलतो, पण लाकूड ज्या दोन टोकदार सेंटरमध्ये धरतात त्यांच्यातलं अंतर १८ इंच. पैसे दोघं जवळपास सारखेच मागतायत. माझ्याकडं थ्री फेज नाही. मुलगा म्हणतो पुण्याचा घ्या. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : मुलाचं ऐकू नका, निदान या बाबतीत तरी. तुमचं टेबल ३० इंच उंच होणार, वरची फळी वजा करा, पाय २९ इंचाचा राहिला, त्यात लाकूड धरायला दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं ठेवावं लागतं, म्हणजे सेंटर टू सेंटर निदान ३६ इंच जागा हवी. १८ इंची लेथवर हा पाय बसतच नाही, विषय संपला. खुर्चीचा पुढचा पाय १७ इंचाचा धरला तरी कसाबसा बसेल आणि टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) मागं सरकवायला जागा उरणार नाही. (मागचा पाय बहुतेक डिझाइनमध्ये पाठीकडं वाकवून करवतीनं कापलेला असतो, तिथं लेथ येतच नाही.) मिनी लेथ वाईट नसतो हो, लाटणी, वाट्या, ड्रॉवरच्या मुठी, चौरंगाचे बुटके पाय यांना झकास. बेडला जोडायचा एक्स्टेन्शन तुकडा त्याच मॉडेलचा मिळत असेल तर पुन्हा विचार करा, पण तो तुकडा हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि अशा मशीनचा स्पीड कंट्रोलचा बोर्ड गेला तर तो कुठं मिळणार हे विकणाऱ्याला जरूर विचारा. बहुतेकांना सांगता येत नाही.

आता तो भंगार दिसणारा. फर्निचरला लेथची लांबी लागते आणि दुसरं म्हणजे बिघडला तर आपल्या भागात दुरुस्त होणारी वस्तू लागते, या दोन्हीत तो पास आहे. तुम्ही तर कोल्हापूर जिल्ह्यात राहता, कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) शाफ्ट, बुश, पुली काय पाहिजे ते करून मिळतं. पण म्हणून डोळे झाकून उचलू नका, जाऊन नीट बघा, निदान तासभर तरी तिथं थांबा आणि मशीन चालू करायच्या आधी बघा, कारण चालू मशीनच्या आवाजात सगळे दोष लपतात.

पहिलं काम, बेल्ट काढायचा. मग स्पिंडल (हेडमधला फिरणारा शाफ्ट) हातात घट्ट धरून वर-खाली आणि मागं-पुढं हलवून बघा. ठक् असं काही जाणवलं तर बेअरिंग तरी गेलंय नाहीतर ते बसतं ते घर तरी. मग बोटांनी हळूहळू फिरवा, आत वाळू असल्यासारखं खरखरत असेल तर बेअरिंग संपलं. यात घाबरण्यासारखं काही नाही, ६२०५ किंवा ६२०६ असल्या नंबरची साधी बेअरिंग असतात, काहीशे रुपयांत मिळतात. घाबरायचं कधी, तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर गरगर फिरून शाफ्ट झिजलेला असेल तेव्हा, किंवा बिडाच्या हेडला तडा असेल, वेल्डिंगचा टाका दिसत असेल तेव्हा. शाफ्ट नवीन करता येतो, तडकलेल्या हेडच्या नादी लागू नका, सरळ नमस्कार करून निघा. जुन्या देशी लेथना बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) असतात, वर तेलाची कुपी असते, तेही चालतात पण तेल विसरलात की तापतात.

दुसरं, जाताना खिशात एमटी-२ चं (मोर्स टेपर नंबर २, म्हणजे ठरलेल्या मापाच्या निमुळत्या बुडाचं) एक सेंटर घेऊन जा, टूलच्या दुकानात मिळतं. स्पिंडलचं तोंड फडक्यानं पुसून ते आत हलकेच ठोका. बसलं, घट्ट राहिलं, आणि मागच्या भोकातून सळई घालून ठोकल्यावर निघालं तर टेपर (आतलं निमुळतं भोक) शाबूत आहे. बसलेलं असताना त्याच्या टोकाशी पेन्सिल धरून स्पिंडल हातानं फिरवा, टोक जागेवरच फिरलं पाहिजे, गोल गोल हिंडायला लागलं तर शाफ्ट वाकलाय किंवा टेपर ओरखडलंय. बऱ्याच देशी लेथना टेपर वगैरे काही नसतंच, शाफ्टच्या तोंडाला लाकडात रुतणारा काटा वेल्ड करून दिलेला असतो. कारखान्यात आयुष्यभर नुसते पायच काढायचे असल्यानं त्यांना दुसरं काही लागायचं नाही. तसं असेल तर भाव खाली आणा आणि उद्यमनगरात नवीन शाफ्ट करून घ्यायचा खर्च त्यात धरा, करताना पुढं एम ३३ × ३.५ चे आटे आणि आत एमटी-२ टेपर, मागपर्यंत आरपार भोक, एवढं सांगा. हे आटे बऱ्याच चकना (लाकूड जबड्यात पकडणाऱ्या भागांना) चालतात, म्हणजे उद्या वाडगं काढावंसं वाटलं तर अडणार नाही.

मग टेलस्टॉक सरकवत हेडपाशी आणा, दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर भेटतात का बघा. इथं लोक फार बाऊ करतात. केसभर फरक असेल तर पाय काढायला काही बिघडत नाही, लाकूड दोन टोकांवर फिरतं, तो अक्ष त्याचा तो धरतं. टेलस्टॉकवरून भोक पाडायचं असेल, लॅम्प स्टँडला वगैरे, तेव्हा मात्र हा फरक त्रास देतो. चॅनेलच्या बेडवर हेड किंवा टेलस्टॉकखाली पत्र्याची पट्टी घालून उंची जुळवता येते. टेलस्टॉकचं हँडल फिरवून त्याची नळी तीन-चार इंच बाहेर येते का, आणि लॉक केल्यावर खरंच थांबते का, तेवढं बघा. टेलस्टॉकला जुनं न फिरणारं डेड सेंटर असेल तर ते काढून फिरणारं सेंटर घ्या, नाहीतर लाकडाचं टोक जळून धूर निघतो आणि सारखं मेण लावत बसावं लागतं.

टूल रेस्टवर (पटाशी टेकवायच्या आधारावर) सगळ्यात कमी लक्ष जातं आणि काम करताना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. वरची कड बोटानं चाचपा, खाचा असतील तर पटाशी त्यात अडखळते आणि पायावर तीच लाट उमटते. खाचा कानशीनं घासून काढता येतात. पण बोल्ट आवळल्यावरही रेस्ट हलत असेल तर काम करताना धोका आहे.

स्पीडचं गणित असं, लाकडाचा व्यास इंचात घ्यायचा, त्याला आरपीएमनं (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणायचं, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये राहिलं पाहिजे. ३ इंची पायाला २००० ते ३०००. पण चौकोनी लाकूड पहिल्यांदा गोल करताना एवढा स्पीड नाही, ७००-८०० वर सुरू करा. आता तुमची मोटर १४४० आरपीएमची धरा, मोटरवर ३ इंची आणि स्पिंडलवर ६ इंची पुली असेल तर ७२० मिळतात, उलट मोटरवर ५ इंची आणि स्पिंडलवर ३ इंची लावली तर २४००. स्टेप पुली (वेगवेगळ्या व्यासाच्या पायऱ्यांची) असेल तर उत्तमच, एकच पुली असेल तर कमी स्पीड मिळतो का हे आधी तपासा. कारखान्यातले लेथ बऱ्याचदा एकाच जोरात पळवलेले असतात.

थ्री फेजचं टेन्शन घेऊ नका. सिंगल फेज आत आणि थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी मिळतो, त्यानं स्पीडही कमी-जास्त होतो, म्हणजे पुण्याच्या मशीनचा नॉब तुम्हाला इथंच मिळाला. एकच अट, मोटरच्या डब्यात वायरिंगची सहाही टोकं बाहेर काढलेली पाहिजेत म्हणजे ती डेल्टामध्ये (२३० व्होल्टवर चालायच्या जोडणीत) जोडता येते, आणि पाटीवर २३० डेल्टा / ४१५ स्टार असं काही लिहिलेलं असावं. हे मोटर वाइंडिंगवाल्याला दाखवा, घरच्या वायरमनला नाही. नाहीतर ती मोटर विकून १ एचपी सिंगल फेज बसवा, पाय काढायला तेवढी पुरते.

आणि एक गोष्ट अजिबात टाळू नका, स्विच. जुन्या लेथला साधा खटका असतो. आपल्याकडं लाइट जाते, तुम्ही वैतागून चहाला जाता, नातवंडं शेडमध्ये येतात आणि लाइट परत येते, लेथ आपोआप सुरू. हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर लावा, लाइट गेली की तो पडतो आणि बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. व्हीएफडी लावलात तर मात्र स्टार्टर मोटर आणि व्हीएफडीच्या मध्ये टाकायचा नाही, लाइट आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सेटिंग व्हीएफडीतच करून घ्या.

चॅनेलचा बेड हलका असतो, थरथरतो. खाली जाड लाकडी पाय करून जमिनीत बोल्ट मारा, मधल्या फळीवर वाळूची पोती ठेवा, फरक लगेच कळेल.

हत्यारांचे पैसे वेगळे ठेवा. लेथबरोबर फुकट मिळणाऱ्या पटाश्या बहुतेक वेळा जुन्या कानशी घासून केलेल्या असतात. आपले कातारी (लेथवर लाकूड कातणारे कारागीर) त्यावर आयुष्य काढतात हे खरं, पण कानशीचं पोलाद कडक आणि ठिसूळ, अडकली तर मोडून तुकडा तोंडावर येतो. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) एक जाड गोल गौज (खोलगट पटाशी), एक अर्ध्या इंची गौज, एक तिरपी पटाशी आणि एक पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायची अरुंद पटाशी) एवढ्यात टेबल-खुर्ची होते. जाड गौज वाडग्यावर वापरू नका, तिचं मुठीत जाणारं शेपूट बारीक असतं, मोडतं. बेंच ग्राइंडर पाहिजेच, सागवानात सिलिका असते, धार बघता बघता जाते.

जमलं तर आंबोली घाट उतरून एकदा सावंतवाडीला जाऊन या. चितार आळीत लाकडी वस्तू बघताना रंग सोडा, चौकोनी भाग संपून गोलाई जिथं सुरू होते तिथली कड बघा. चांगला कातारी कोण हे तिथंच कळतं.

प्रश्न : मी नाशिकचा. सातपूरला मित्राचं वर्कशॉप आहे, तो त्याचा जुना लोखंडकामाचा लेथ भंगाराच्या भावात देतोय. त्यावर लाकूड चालेल का? लोक म्हणतात मशीन मशीनच असतं.

उत्तर : चालतं पण चालवू नये असं माझं मत. जुन्या मेटल लेथचा वरचा स्पीड बहुतेक लाकडाला कमी पडतो, आणि मुद्दाम पुली बदलून पळवलात तर आतले गिअर आणि बुश त्यासाठी केलेले नसतात. लाकडाचा भुसा बेडवरच्या तेलात मिसळून त्याची पेस्ट होते, ती कॅरेजखाली (हत्यार धरून बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) जाऊन बेड घासते, त्यात बाभळीचं ओलसर लाकूड असेल तर गंजही पटकन धरतो. मधे कॅरेज, क्रॉस स्लाइड, सगळी अडगळ, हातात पटाशी धरून उभं राहायला जागा नाही. वरून तीन जबड्यांचा चक, जबडे बाहेर आलेले दिसतही नाहीत फिरताना, मेटलच्या कामात हात लांब असतो, लाकडात तो जवळ असतो. हातमोजे आणि सैल बाह्या कुठल्याच लेथवर नकोत, इथं तर मुळीच नकोत. मित्राचा भाव खरंच चांगला असेल तर घ्या, पण लोखंडासाठी ठेवा, त्यावर लाकडाच्या लेथचे सेंटर आणि फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं बसवायची गोल तबकडी) करता येतात. एखाद-दुसरी मूठ काढायला बेडवर जाड कापड टाकून चालेल.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. ड्रिल मशीनला लावायचं लेथ अटॅचमेंट बघितलं, त्यावर दिवाणाचे चार पाय होतील का?

उत्तर : नाही हो. ड्रिलचं बेअरिंग सरळ दाबासाठी असतं, बाजूनं रेटा दिला की चक डुलायला लागतो. भोवरे, मुठी करा, मुलं खूश होतील. चार पायांसाठी लेथ घेऊच नका, कातारी शोधा. टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली की कोणीतरी पत्ता देतं. फक्त मोबाइलवरचा फोटो दाखवून ऑर्डर देऊ नका. प्लायच्या पट्टीवर पायाचा अर्धा आकार पूर्ण मापात काढा, जिथं पट्ट्या जोडायच्या तिथली लांबी चौकोनीच ठेवायची असं त्यावर लिहा, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक जागेचा व्यास लिहा. आधी एकच पाय करून घ्या, घरी आणून दिवाणाखाली लावून बघा, मग बाकीचे तीन सांगा. आणि लाकूड सुकलेलं आहे ना ते विचारा, ओल्या लाकडाचा गोल पाय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लंबगोल होतो.