‘आधी केमो’ म्हणजे हाताबाहेर गेलंय का?

स्तनाच्या कॅन्सरचं नवं निदान घेऊन आलेली घरं हा प्रश्न विचारतातच. कुणी उघड, कुणी पेशंटला बाहेर बसवून.

सुनंदाताईंसोबत (नाव बदललं आहे) नवरा आणि धाकटे दीर आले होते. फाइल दिरांच्या हातात. “गाठ आहे तर काढून टाका ना! आधी केमो कशाला? तोवर पसरली तर?”

मी ताईंकडे वळले. “तुम्ही काय ऐकलंत?”

“आता ऑपरेशनात अर्थ नाही, असं.”

“असं डॉक्टर म्हणाले?”

त्या बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. “नाही. म्हणाले नाहीत. मीच धरलं.”

मी गप्प राहिले. अशा वेळी घाईने धीर देणारा समुपदेशक मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी भिस्त आहे: घडलेली गोष्ट आणि आपण तिला लावलेला अर्थ माणसाने स्वतः निवडून वेगळे केले, की भीतीला प्रश्नाचा आकार येतो. ताईंनी तिथेच कागद मागितला. पहिला प्रश्न लिहिला: ‘माझ्यासाठी आधी केमो का?’

उत्तर त्यांनी डॉक्टरांकडूनच आणलं. गाठ मोठी, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त. आधी केमो आणि त्यासोबत हर-टूवरचं इंजेक्शन दिलं की गाठ लहान होऊ शकते, औषध लागू पडतंय का तेही कळतं आणि कदाचित पूर्ण स्तन काढावा लागत नाही. योग्य पेशंटमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते. अनेक वर्षांच्या पाहणीतून हे सिद्ध झालंय.

“तरी सगळं काढलेलंच बरं,” दीर म्हणाले.

“भाऊजी, ते मी ठरवीन. डॉक्टरांशी बोलून.”

फाइल आता ताईंच्याच मांडीवर होती. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तुम्हीही विचारा: स्टेज कोणती? रिसेप्टरचे रिपोर्ट (गाठीची हार्मोन आणि हर-टूची तपासणी) आले का? उपचार बरं करण्यासाठी की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? दुसरा पर्याय कोणता, आणि तो मला का नको? खर्चाचं दडपण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे रुग्णालय बसतं का, तेही. दुसरं मत घ्यायला लाजू नका. टाटाला किंवा कुठेही जाताना रिपोर्टसोबत बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.