१० बाय १० च्या खोलीत सुतारकाम करतो. भुशासाठी कोणता व्हॅक्यूम घेऊ?

झाडूला लागतो त्या भुशाची चिंता सोडा. तो पायाशी पडतो. छातीत जातो तो भुसा खाली पडतच नाही.

मला हे २०२१ साली कळलं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराचं सागवानी दार उतरवलं होतं, त्याच्या फळ्यांचं टेबल करायचं होतं. माझी मागची खोली तुमच्याएवढीच. तीन दिवस ऑर्बिटल सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड घासायचं मशीन, चालवला, ८० नंबरच्या जाड पेपरपासून २२० च्या बारीक पेपरपर्यंत. खिडकी उघडी, डोक्यावर पंखा, तोंडाला रुमाल. दादा आला होता. मास्क आणतो म्हटलं तर म्हणाला, "बाबांनी चाळीस वर्षं भुसा खाल्ला, त्यांनी कधी मास्क लावला?" थोरल्या भावापुढे मी गप्प बसलो. तिसऱ्या रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली, आडवं होता येईना. सकाळी पापण्या सुजलेल्या. डॉक्टरांनी सागाच्या धुळीची ॲलर्जी सांगितली आणि पंप दिला.

बरं वाटल्यावर खात्री करायची म्हणून मास्क लावून दहाच मिनिटं फळी घासली, दार लावून जेवायला गेलो. तासाभरानं परत आलो आणि अंधारातच टॉर्च मारला. उजेडाच्या पट्ट्यात बारीक कण नुसते तरंगत होते. पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं तर मैद्यासारखी पूड. ती खोलीभर फिरवायचं काम तीन दिवस पंख्यानंच केलं होतं.

आता बाबांचं. बाबांचा रंधा हाताचा. त्यातून कुरळ्या ढलप्या निघायच्या, आई त्या बंबात घालायची. शेवटचा हात फुटक्या काचेनं खरवडून, पॉलिश पेपर त्यानंतर थोडाच, तोही हातानं. मशीनचा हा मैदा बाबांनी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यांचा दाखला इथे चालत नाही. आणि तरीही शेवटची काही वर्षं ते रात्र रात्र खोकायचे. घरात सगळ्यांनी ते विडीवर ढकललं, दादानं तर पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यातून होतो.

व्हॅक्यूमची कंपनी कुठलीही चालेल. पाइप सँडरच्या तोंडाला घट्ट बसला पाहिजे आणि फिल्टर हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, हवा. साध्या पिशवीचा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीतच सोडतो. सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोनची, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारी, बादली लावा, बहुतेक भुसा तिच्यातच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. डिस्कची, म्हणजे सँडरच्या गोल पॉलिश पेपरची, भोकं तो जिथे चिकटतो त्या पॅडच्या भोकांवर बसवा, नाहीतर व्हॅक्यूम लावून उपयोग नाही. डोक्यावरचा पंखा बंद. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, पण समोर शेजाऱ्यांची खिडकी नाही ना ते बघून. रुमाल नको, एन-९५ लावा, आणि सँडर थांबला म्हणून लगेच उतरवू नका. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. जमेल तिथे रंधा आणि स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पातीच वापरा, निम्मी धूळ होणारच नाही. थिकनेसर (फळी एका जाडीची करणारं मशीन) किंवा टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) असेल तर मात्र व्हॅक्यूम पुरणार नाही, त्याला रुंद पाइपचा डस्ट कलेक्टरच लागतो.

एक राहिलं. त्या दारावर जुन्या ऑइलपेंटचे थर होते आणि तेही मी सँडरनंच उडवले. तुम्ही ते करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंग ओला करून खरवडा आणि निघालेला चुरा पिशवीत बांधून टाका. घरात लहान मूल असेल तर तसलं लाकूड आत आणूच नका.