संशोधनासाठी आठवडाभर परगावी गेल्यावर काम आणि भटकंती दोन्ही कसं जमवता?

तुम्ही लिहिलंय की पीएचडीच्या कामाला पहिल्यांदाच आठवडाभर बाहेर जाताय आणि तिथे जाऊन फिरलं तर गिल्टी वाटेल. अहो फिरा बिनधास्त, मी उलट न फिरता दोन दिवस वाया घालवलेत, तेच सांगते.

माझं काम जमीन-महसुलाच्या मोडी कागदांवर, त्यासाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेले होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे गादी मांडली ना, म्हणून पार तमिळ मुलखाच्या मधोमध मराठीतले कागद. पुण्याहून चेन्नई, तिथून एग्मोरवरून रात्रीची उळवन एक्सप्रेस, सकाळी तंजावर. आणि उतरून बॅग उघडते तर ग्रंथालयात कागद बघायला लागणारं गाईडच्या सहीचं पत्र पुण्यात टेबलावरच! चूक शंभर टक्के माझी. मग डिपार्टमेंटला फोन, ईमेल, प्रिंट, यात सोमवार गेलाच.

तेवढ्यात करायचं काय म्हणून बृहदीश्वराच्या देवळात गेले. राजराज चोळाचं देऊळ, 1010 च्या सुमाराचं, उंचीबद्दल सगळे सांगतातच तर मी काही सांगत नाही. पण तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी 1803 मध्ये तिथल्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास दगडात कोरून घेतलाय, मराठीत, आणि तो वाचता येतो हो सरळ! आजूबाजूला सगळी तमिळ आणि मध्येच भिंतभर आपली भाषा, मी उन्हात उभी राहून बोट फिरवत वाचत बसले, शेजारची शाळेची मुलं माझ्याकडेच बघत होती. (देऊळ दुपारी बंद असतं, सकाळी लवकर जा, फरशी तापली की पाय भाजतात.)

सोमवार बुडाला म्हणून मंगळवार-बुधवार मी भरपाई करायला गेले. दिवसभर वाचन, संध्याकाळी लॉजवर पुन्हा लॅपटॉप, जेवण पण रूमवर मागवून. आता मोडी कसं असतं, आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, हात न उचलता लिहिलेलं. तीन-चार तासांनंतर डोळे जे पाहिजे तेच वाचायला लागतात. माझं तेच झालं. एका हिशेबात गावाच्या नावापुढे ‘कलम’ आणि आकडा, पुढच्या गावाला पुन्हा ‘कलम’ आणि आकडा. आपल्याकडे कलम म्हणजे बाब, यादीतला एकेक मुद्दा, म्हणून मी ते कलम नंबर समजून चालले होते, आणि नंबर काही केल्या क्रमाने लागेनात, 40 नंतर 12, मग 65. रात्री अकरा वाजेपर्यंत त्याचं टेबल करत बसले आणि पानं उलटसुलट लागलीत असा निष्कर्षही काढला. चक्क टाइप करून ठेवला.

गुरुवारी डोकं दुखायला लागलं म्हणून दुपारी चार वाजताच ग्रंथालयातून उठले, जुन्या बसस्टँडजवळच्या एका मेसमध्ये टिफिन खायला बसले. मालक आजोबा वयाचे, मोडकंतोडकं हिंदी, घरची भातशेती. मी आपलं सहज विचारलं यंदा भात कसाय, तर ते वडिलांच्या वेळच्या गोष्टी सांगायला लागले, तेव्हा धान्य मोजायचे ते मरक्काल, आणि बारा मरक्काल म्हणजे एक कलम.

कलम!

माझा डोशाचा तुकडा हातातच. ते नंबर नव्हतेच, ते भाताचं माप होतं, 40 कलम भात, 12 कलम भात. म्हणजे कारकून मराठी, लिपी मोडी, माप तमिळ. आणि ‘मरकाल’ हा शब्द दुसऱ्या पानावर होता तो मी कुणाचं तरी आडनाव म्हणून उतरवून घेतला होता, आता सांगायला लाज वाटते.

तर त्या दिवसापासून वेळापत्रक असं ठेवलं की अवघड अक्षराचे कागद सकाळीच, दुपारनंतर फक्त यादी आणि क्रमांक तपासणं, चारला बंद. मग चहा-कॉफी (पितळी पसरट वाटीत ओतून देतात ती) झाली की तासभर त्या दिवशीच्या नोट्स साफ करायच्या, हे मात्र चुकवू नका, कारण आपणच घाईत खरडलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच लागत नाही. बाकी संध्याकाळ मोकळी. शुक्रवारी बसने तिरुवैयारूला गेले, तेरा-चौदा किलोमीटर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी, नदीला पाणी होतं, नुसती बसून राहिले. तिथला अशोका हलवा खा, मुगाच्या डाळीचा असतो, तुपाने हात माखतात.

दारासुरम आणि कुंभकोणम ही जवळपासची देवळांची गावं मात्र शनिवारवर ठेवा. ते कामाच्या दिवशी ‘पटकन जाऊन येऊ’ म्हणून होत नाही, दारासुरमच्या देवळातल्या खांबांवरची बारीक नक्षी बघायलाच अर्धा दिवस जातो, मी तर दगडी रथाच्या चाकापाशीच अडकले होते.

आणि लॅपटॉपवर तिथे बसून प्रकरण लिहू वगैरे बेत असेल तर तो घरीच ठेवा. माझं एक पान झालं नाही. पत्र मात्र आत्ताच बॅगेत टाका, दोन प्रती.