मार खाल्ल्यावर पुढचा चेंडू कसा टाकायचा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय १९, लेगस्पिनर, पुण्यात क्लबकडून लेदर बॉलवर खेळतोस. लागोपाठ दोन मॅचमध्ये चार ओव्हरांत पन्नासच्या आसपास गेले, तिसऱ्या मॅचला कॅप्टनने चेंडूच हातात दिला नाही, आणि आता नेट्समध्येही फुलटॉस पडायला लागलेत. रात्री मोबाइलवर त्याच सिक्सचे व्हिडिओ बघत बसतोस. आणि विचारतोस, "अशा वेळी पॉझिटिव्ह कसं राहायचं?"

आधीच्या उत्तरांत काहींनी "विसरून जा, आत्मविश्वास ठेव" असं लिहिलंय. त्यांची तळमळ खरी आहे, पण "ठेव" म्हटल्याने आत्मविश्वास राहत नाही. म्हणून मनाचं जरा नंतर बघू. आधी मनगट बघू.

सिक्स बसल्यावर लेगस्पिनरच्या हाताचं काय होतं ते मी वर्षानुवर्षं नेट्समागे उभा राहून बघत आलोय. चेंडू नेहमीपेक्षा घट्ट धरला जातो. मनगट आखडतं. पुढच्या पायावर अंग पूर्ण वळत नाही, कारण आता फिरवण्यापेक्षा "जागेवर टाकायची" घाई असते. चेंडू हातातून लवकर सुटला तर फुलटॉस, उशिरा सुटला तर आखूड. दोन्ही सीमारेषेबाहेर. म्हणजे टप्पा चुकू नये म्हणून जपून टाकायला गेलास, आणि जपून टाकल्यामुळेच टप्पा चुकला.

शिवाय फिरकी कमी झाली की आणखी एक नुकसान होतं, ते पटकन लक्षात येत नाही. जोरात फिरवलेला चेंडू, त्यातही थोडा टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) असलेला, फलंदाजाजवळ येता येता झपकन खाली बसतो. पुढे सरसावलेला फलंदाज तिथेच फसतो, त्याला वाटलं होतं त्याच्या वीतभर अलीकडे टप्पा पडतो. तोच चेंडू नुसता ढकललास तर तो सरळ, सोपा, बॅटीच्या मध्यावर येतो. तुझ्या दुसऱ्या मॅचचं जे वर्णन तू लिहिलं आहेस, "नंतर नंतर मी सपाट टाकत होतो तरी मारत होते", त्यातला "तरी" काढ आणि "म्हणून" घाल.

माझ्या मते लेगस्पिनरने पॉझिटिव्ह राहणं म्हणजे एवढंच : मार खाल्ल्यानंतरचा चेंडूही पूर्ण ताकदीने फिरवणं. चेहरा हसरा असो वा पडलेला, फलंदाजाला त्याने काही फरक पडत नाही. चेंडू किती फिरतोय याने पडतो.

शेन वॉर्नचं उदाहरण देतो, कारण त्याची सुरुवात तुझ्यापेक्षा फार वाईट होती. जानेवारी १९९२, सिडनी, पहिलीच कसोटी, समोर आपली टीम. रवी शास्त्री २०६, सचिन नाबाद १४८. वॉर्नने ४५ षटकं टाकली आणि १५० धावांत एक बळी घेतला, तोही शास्त्री द्विशतक करून झाल्यावर. अ‍ॅडलेडच्या कसोटीत ७८ धावा, बळी नाही. मग ऑगस्टमध्ये कोलंबोला श्रीलंकेच्या पहिल्या डावात १०७ धावा, पुन्हा बळी नाही. म्हणजे कसोटी कारकिर्दीत तोवर ३३५ धावा आणि एक बळी. त्याच कोलंबो कसोटीच्या दुसऱ्या डावात श्रीलंकेला १८१ हव्या होत्या, २ बाद १२७ पर्यंत ते आरामात पोचले होते. मग पडझड सुरू झाली, आणि अगदी शेवटी, सामना कुठेही झुकू शकेल अशा वेळी, कॅप्टन अ‍ॅलन बॉर्डरने चेंडू वॉर्नकडे दिला. त्याने एकही धाव न देता शेवटचे तीन बळी घेतले. ऑस्ट्रेलिया १६ धावांनी जिंकली. पुढे तो ७०८ बळींपर्यंत गेला हे तुला माहीतच आहे. मला मात्र त्या ७०८ पेक्षा एकास ३३५ हा आकडा जास्त बोलका वाटतो. तो आकडा पाठीवर घेऊन त्याने चेंडू फिरवणं सोडलं असतं, तर बॉर्डरने कितीही विश्वास दाखवून उपयोग नव्हता.

आता प्रत्यक्ष मैदानावरचं. सिक्स बसली की चेंडू परत येईपर्यंत तुला अर्धा-एक मिनिट मिळतं. त्यातलं बहुतेक तू शरमेत घालवतोस. तसं करू नकोस, कारण त्या वेळात करण्यासारखं बरंच असतं. सिक्स कुठे गेली? सरळ साइटस्क्रीनवर गेली असेल तर चेंडू फार वाईट नव्हता, मारणाऱ्याने जोखीम घेतली. मिडविकेटवरून गेली असेल तर आखूड होता किंवा लेगस्टंपवर होता. एवढं एक ठरव आणि थांब, पूर्ण तंत्राची उलटतपासणी तिथे नको. मग फील्ड. डीप मिडविकेट आणि लाँगऑन हवेत का, ते कॅप्टनला तोंडाने सांग. मग चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत सावकाश रनअपच्या खुणेपर्यंत जा, आणि तुझा नेहमीचा लेगब्रेक टाक. उलटा वळणारी गुगली नको, सपाट घसरत येणारा फ्लिपर नको. मार बसल्यावर वेगळं काहीतरी करून दाखवायचा मोह फार होतो. पण हात आखडलेला असताना सगळ्यांत अवघड चेंडू टाकायला जाणं म्हणजे हमखास फुलटॉस.

आणि हो, बाजू बदलून मागायला लाजू नकोस. ७ फेब्रुवारी १९९९, दिल्ली, पाकिस्तान बिनबाद १०१. कुंबळेला तोवर एकही बळी नव्हता. जेवणानंतर त्याने दुसऱ्या बाजूने गोलंदाजी सुरू केली आणि दहाच्या दहा बळी घेतले, ७४ धावांत. वारा, उतार, पिचवरचा खडबडीत भाग, हे दोन्ही बाजूंना सारखं नसतं. एका बाजूने जमत नसेल तर दोष दर वेळी तुझ्यातच असतो असं नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट. चार ओव्हर म्हणजे २४ चेंडू. त्यातले १८ चांगले पडले आणि ६ वाईट, आणि वाईट सहापैकी चारांवर सिक्स बसली, तर २४ धावा तिथेच गेल्या. उरलेल्यांवर एक-दोन, एखादा कट, एखादा सुटलेला झेल, की चाळीस-पन्नास सहज होतात. स्कोअरबुकात ते "धुतला" असं दिसतं. खरं काम मात्र सहा वाईट चेंडूंचे चार करण्याचं आहे, आणि ते होण्यासारखं आहे. म्हणून पुढच्या मॅचला राखीव खेळाडूला किंवा स्कोअररशेजारी बसणाऱ्या कुणाला सांग : प्रत्येक चेंडूपुढे फक्त "चांगला" की "वाईट" अशी खूण करायची, धावा बघायच्याच नाहीत. उलट बाजूही लक्षात असू दे. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं टाकली, २७ निर्धाव, ५ धावा. लागोपाठ २१ षटकं निर्धाव. बळी? शून्य. त्या गोलंदाजीला वाईट म्हणायची कुणाची हिंमत आहे?

व्हिडिओ बघणं मॅचच्या रात्री पूर्ण बंद. दोन दिवसांनी बघ, आणि बघताना चेंडू कुठे गेला ते सोडून पुढचा पाय आणि डोकं बघ. डोकं ऑफसाइडला कलंडतंय का? माझा अंदाज आहे की कलंडत असणार. नेट्समधल्या फुलटॉसचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

नेट्समध्ये आठवडाभर फलंदाजासमोर टाकू नकोस. आधी ११ यार्डांवरून, रनअपशिवाय, मित्राच्या हातात चेंडू दे. फक्त फिरव, शिवण कशी फिरतेय ते बघ. मग पूर्ण २२ यार्ड, एक स्टंप, समोर कुणी नाही. हात मोकळा झाला की रनअप. मग फलंदाज. कंटाळवाणं आहे, पण हाताचा विश्वास असाच परत येतो, आणि त्याच्यामागून मनाचा.

झहीर खानची गोष्टही मला इथे महत्त्वाची वाटते, जरी तो वेगवान. आपला श्रीरामपूरचा. २००३च्या वर्ल्डकप फायनलमध्ये पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, वाइड आणि नोबॉलसकट, एकूण ७ षटकांत ६७. मधल्या काळात संघातलं स्थान गेलं. २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला आणि त्या मोसमात ७८ बळी घेतले. रनअप आखडता घेतला, चेंडू दोन्हीकडे हलवण्यावर काम केलं. २०११ची फायनल वानखेडेवर : पहिली तीन षटकं निर्धाव, पहिला स्पेल ५ षटकांत ६ धावा आणि एक बळी. त्याच डावात उरलेल्या ५ षटकांत त्याला ५४ पडल्या, हे लोक विसरतात. तू विसरू नकोस. सर्वोत्तम दिवशीही मार बसतो.

कॅप्टनशी बोल, पण "मला का दिला नाही" असं विचारू नकोस. "मला दोन ओव्हर दे, लाँगऑन आणि डीप मिडविकेट मागे ठेव, मी ऑफस्टंपबाहेर टाकतो" असं सांग. योजना घेऊन आलेल्याला नाही म्हणणं कॅप्टनला जड जातं. आणि चेंडू नाही मिळाला त्या दिवशी फील्डिंग जीव तोडून कर.

दोन गोष्टी मात्र याहून वेगळ्या आहेत. रिकाम्या नेटमध्ये, कुणी बघत नसतानाही, चेंडू हातातून सुटतच नाही असं झालं, तर तो नुसता वाईट दिवस नाही. २००१ साली लॉर्ड्सवरच्या काउंटी फायनलमध्ये लेस्टरशायरच्या स्कॉट बॉस्वेलचं एक षटक वाइडमुळे १४ चेंडूंचं झालं होतं. अशा वेळी जास्त सराव करून गाठ आणखी घट्ट होते. थोडं थांबायचं, आणि कोचला स्पष्ट सांगायचं. दुसरं, झोप उडाली असेल, कॉलेजात लक्ष लागत नसेल, क्रिकेट नसलेल्या दिवशीही तसंच वाटत असेल, तर घरी बोल, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा. खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग नेट्स.

पुढच्या रविवारी चेंडू मिळाला तर मॅच झाल्यावर इथे लिही. धावा आणि विकेट नकोत. २४ पैकी किती चांगले पडले, आणि मार बसल्यानंतरचा चेंडू फिरला का, एवढंच लिही. त्यावरून पुढचं ठरवू.