दिवसाला 423 रुपये

ती समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा प्लॅस्टिकचं फोल्डर मांडीवर घट्ट धरून बसली होती, मुलाखतीला बसावं तशी. वय 23, एम.कॉम. झालेली, तासगावहून रोज एसटीने सांगलीला येणारी. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) थोडा वेळ डोकेदुखी आणि झोपेबद्दल बोलली, मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी कमी पडतेय का हो? बाकीच्यांना जमतं, मलाच का जमत नाही?"

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो. हॉस्पिटलच्या बिलिंगला बसणारी, शोरूमच्या काउंटरमागे उभी राहणारी, वसुलीचे फोन करणारी मुलं. पहिल्या नोकरीला दोन वर्षं होत नाहीत तोच त्यांनी स्वतःला नालायक ठरवलेलं असतं.

हिची नोकरी मार्केट यार्डाजवळच्या एका ऑफिसात, अकाउंट असिस्टंट म्हणून. घेताना विचारलं एवढंच, "टॅली येतं ना?" (हिशोबाचं सॉफ्टवेअर.) पगार 11 हजार, 'सहा महिन्यांनी बघू'. त्याला आता 14 महिने झाले होते. मधल्या काळात बरोबरची सीनियर लग्न होऊन गेली. तिची जागा भरलीच नाही, तिच्या टेबलावरच्या फायली तेवढ्या हिच्या टेबलावर आल्या. नेमणूकपत्र नाही. हे सगळं ती अशा सुरात सांगत होती, जणू गुन्हा तिचाच आहे.

श्वासाचे व्यायाम शिकवून मी तिला परत त्याच खुर्चीत पाठवू शकले असते. पण तसं करणं मला अन्यायाचं वाटतं. माणूस थकतो त्याला कधी कधी साधं कारण असतं: काम दोघांचं आणि पगार एकाचा, तोही अपुरा. म्हणून मी तिला दोन आठवडे वही लिहायला सांगितली. किती वाजता काय केलं, एवढंच.

ती आखलेली शाळेची वही घेऊन आली. त्यातलं एक पान असं होतं. 9:20 ऑफिस उघडलं. 9:40 येणे बाकीचे फोन. 11:15 माल पाठवायची ई-वे बिलं. 1:50 डबा, मध्ये दोनदा उठले. 3:00 साहेबांच्या मुलाची शाळेची फी भरायला गेले. 4:30 जीएसटीआर-1 विवरणपत्र, उद्या शेवटची तारीख. 7:40 निघाले. रात्री 10:35 ग्रुपवर मेसेज, 'उद्याच्या पेमेंटची लिस्ट टाक'. टाकली.

"जीएसटीचं कोण बघतं?" मी विचारलं.

"मीच. 11 तारखेच्या आत वन, 20 च्या आत थ्री-बी, ते दुसरं विवरणपत्र."

"चुकलं किती वेळा?"

ती थांबली. वहीकडे बघत म्हणाली, "लेट फी एकदाही लागली नाही." स्वतःच्या तोंडून हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

झोप उडण्याचं खरं कारण मात्र तिसऱ्या भेटीत कळलं. घरी तिनं पगार 15 हजार सांगितला होता. वरचे 4 हजार भिशीत जातात, असं सांगून वेळ मारून नेत होती. भिशी 15 महिन्यांची. पुढच्या महिन्यात 60 हजार हातात येणार म्हणून वडिलांनी बागेच्या ठिबकचा हिशोबही मांडून ठेवलेला. पैसे कुठून येणार होते? ती रडली ती त्या दिवशी. कमी पगाराची लाज मुलांना किती एकटं पाडते, हे आपण घरच्यांनी ओळखायला हवं. "किती मिळतात?" हा प्रश्न पाहुण्यांसमोर तरी विचारू नका.

तिनं घरी खरं सांगितलं. आई बोलली खूप. वडील बराच वेळ गप्प होते. मग बागेतली हजेरी मांडतात तसा त्यांनी हिशोब केला. 11 हजार भागिले 26, दिवसाला 423. म्हणाले, "विरळणीच्या बायकांना ह्याच्यापेक्षा जास्त सुटतात की गं. आणि त्या साडेपाचला घरी असतात. मी आपला पोरगी सावलीत बसती म्हणून गावभर सांगतोय." भिशीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

मग आम्ही साहेबांशी बोलायची तयारी केली. "साहेब, सहा महिन्यांनी बघू म्हणाला होतात, 14 झाले. दोन जागांचं काम मी एकटी करते. नेमणूकपत्र आणि पगाराबद्दल या महिन्यात सांगा." पहिल्या तीन वेळा ती शेवटी "सॉरी" म्हणायचीच. चौथ्यांदा म्हणाली नाही. प्रत्यक्षात पगार 1,500 नं वाढला, शाळेच्या फीसारखी बाहेरची कामं बंद झाली, नेमणूकपत्र 'दिवाळीनंतर' वर गेलं. रात्री आठनंतर ती ग्रुप उघडत नाही. पहिले चार दिवस हात थरथरायचे, म्हणाली.

पुढच्या ठिकाणी काय विचारायचं, तेही ठरवलं. ऑफिसात किती माणसं आहेत? साधारणपणे 20 किंवा जास्त असतील तर पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, लागू होतो. 10 किंवा जास्त असतील आणि पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. जादा वेळ थांबवलं तर राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो जिथे लागू आहे तिथे, दुप्पट दर आहे. आणि मूळ मार्कलिस्ट कुणाकडेही ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची.

हे वाचणाऱ्या कुणाला जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी 14416 वर फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते. नोकरीचं नंतर बघता येईल.

गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा फोल्डर पिशवीत होतं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिची मुलाखत आहे, 21 तारखेला. ती तारीख तिनंच मागून घेतली, थ्री-बी भरून झाल्यावरची. तासगावहून दोन गाड्या बदलाव्या लागतात, पण त्या दिवशी वडील मोटरसायकलवरून सोडणार आहेत.