‘उतरती कळा’, ‘उतरती कया’ आणि टायगर वूड्स

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेतून प्रश्न आला आहे. आठवीच्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी गोल्फपटू टायगर वूड्सवर लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला ‘टायगरची उतरती कळा’. एका शिक्षकांचं म्हणणं असं की गावात सगळे ‘उतरती कया’ म्हणतात, म्हणजे मूळ शब्द ‘काया’ असणार. शरीर उतरलं की खेळाडू संपतो, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या शिक्षकांना ‘ओहोटी लागली’ किंवा ‘सद्दी संपली’ हे बरं वाटतं. नेमकं काय लिहावं?

मुलांनी लिहिलं तेच बरोबर आहे. शब्द ‘कळा’च.

गावातली ‘कया’ चुकीची नाही, ती वऱ्हाडी आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया होतो, पोळ्याचा पोया होतो, केळीची केयी होते, तशीच कळेची कया. पुढे लिहिताना कोणी त्या ‘क’ला काना लावला की काया तयार, आणि अर्थही जुळल्यासारखा वाटतो. पण वापर पाहिला की हे टिकत नाही. काया झिजते, काया थकते. ‘काया उतरली’ असं कोणी म्हणत नाही. शिवाय उतरती कळा माणसापुरती नसते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिला शेवटी उतरती कळा लागली असंच आपण म्हणतो. दारव्ह्यावरून पूर्वी जाणाऱ्या शकुंतला रेल्वेबद्दलही तसंच म्हणतो. गिरणीला आणि रेल्वेला काया कुठली?

ही कळा चंद्राची. संस्कृत ‘कला’ म्हणजे चंद्रबिंबाचा सोळावा भाग. फल-फळ, काल-काळ, माला-माळ, तसं कला-कळा. चित्र-संगीताची ‘कला’ आपण संस्कृतातून जशीच्या तशी ठेवली आणि चंद्राची कला बोलण्यात कळा झाली. शुक्ल पक्षात ती चढते, कृष्ण पक्षात उतरते. चेहऱ्यावरचं तेज हाही कळेचा एक अर्थ आहे, त्यातूनच अवकळा, प्रेतकळा, रडकळा हे शब्द आले. पोटात येणाऱ्या ‘कळा’ मात्र वेगळ्या. तिथे मूळ शब्द ‘कळ’ आणि ‘कळा’ हे अनेकवचन. ओळखायची सोपी खूण अशी: चंद्राची कळा शाळेसारखी चालते. शाळा-शाळेला, कळा-कळेला. ‘उतरत्या कळेच्या काळात’ असं लिहिता येतं, म्हणून ती एकवचनी आणि चंद्राचीच. दुखण्याच्या कळा असत्या तर ‘कळांच्या’ झालं असतं.

आता खरा मुद्दा. या शब्दाची चंद्राशी असलेली सोयरीक वूड्सच्या बाबतीत फार नेमकी बसते. चंद्र एका रात्रीत नाहीसा होत नाही, एकेक भाग कमी होतो. अव्वल गोल्फपटूही असाच कमी होतो, आणि शरीर हा त्यातला एक भाग झाला. ‘काया’वाल्या शिक्षकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे ते यामुळे.

आधी उंची किती होती ते पाहा. व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा (मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चँपियनशिप या चारांपैकी एक) चार दिवसांची, रोज १८ होल, एकूण ७२. सर्वांत कमी फटक्यांत चेंडू सगळ्या होलांत घालणारा जिंकतो. १९९७ची मास्टर्स स्पर्धा वूड्सनं १२ फटक्यांनी जिंकली, २०००ची यूएस ओपन १५ फटक्यांनी. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. सलग १४२ स्पर्धांत तो कटमधून पार झाला. एकूण ६८३ आठवडे तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. ही पौर्णिमा.

पहिली कळा उतरली ती गुडघ्याची. उजव्या हातानं खेळणारा गोल्फपटू फटका मारताना सगळा भार डाव्या पायावर आणतो आणि चेंडूला काठी लागते त्या क्षणी डावा गुडघा झटक्यानं सरळ करतो. जितका जोर, तितका झटका. २००८ची यूएस ओपन वूड्सनं डाव्या नडगीला चिरा पडलेल्या आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असताना जिंकली. बरोबरी झाल्यामुळे ती ७२ ऐवजी ९१ होलांपर्यंत चालली. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि तो त्या वर्षाचा उरलेला हंगाम खेळला नाही.

मग पाठ. गोल्फच्या फटक्यात खांदे पुष्कळ वळतात, कंबर त्या मानानं कमी वळते, आणि हा पीळ कण्याच्या खालच्या मणक्यांवर येतो. दोन मणक्यांमधली गादी फाटून नस दाबली गेली, म्हणून मार्च २०१४, सप्टेंबर २०१५ आणि ऑक्टोबर २०१५ अशा तीनदा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. एप्रिल २०१७मध्ये शेवटी सर्वांत खालचा मणका त्याच्या खालच्या हाडाशी कायमचा जोडला. इथवर ‘काया’ म्हणता येईल.

पण शरीर धड असतानाही इतर कळा उतरत होत्या. वूड्सनं प्रशिक्षक बदलले आणि फटक्याची ढबही पुन्हा पुन्हा बदलली. बुच हार्मन यांच्यानंतर हँक हेनी, २०१०पासून शॉन फोली, २०१४च्या शेवटी ख्रिस कोमो. नवी ढब हाडात मुरेपर्यंत जुनी आणि नवी एकमेकींत मिसळते. घाईच्या क्षणी हात जुन्या वाटेनं जातो आणि डोकं नव्या. त्यामुळे चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जातो, आणि हेच गोल्फमध्ये सर्वांत महाग पडतं. चूक एकाच बाजूला होत असेल तर खेळाडू निशाणा थोडा सरकवून सांभाळून घेतो. दोन्ही बाजूंना होत असेल तर निशाणा धरायचा तरी कुठे?

बरोबरीचे लोक वर आले, हीही एक कळाच. टायटॅनियमचा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) आणि २०००च्या सुमारास आलेला भरीव गाभ्याचा चेंडू यांनी लांब फटका सगळ्यांच्या आवाक्यात आणला. ऑगस्टाचं मास्टर्सचं मैदान १९९७मध्ये ६,९२५ यार्ड होतं, २००६मध्ये ते ७,४४५ झालं. वूड्समुळेच ते वाढवलं अशी चर्चा झाली, पण लांब मैदानाचा तोटा खरा तर आखूड मारणाऱ्यालाच जास्त. वूड्ससमोर अडचण आली ती नव्या पिढीमुळे. ती त्याच्यासारखीच व्यायाम करून, तितकंच लांब मारायला शिकून आली होती.

या सगळ्याचा हिशेब किती बारीक आहे, तो मुलांना गणितात घालून दाखवावा असा आहे. एका दिवसाच्या १८ होलांत एकच फटका जास्त लागला, तर चार दिवसांत चार. वरच्या वीस-पंचवीस जणांत अंतर मुळातच इतकं थोडं असतं की हे चार फटके पहिल्या नंबरवाल्याला गर्दीत नेऊन ठेवतात. बघणाऱ्याला मात्र तोच माणूस, तसाच खेळताना दिसतो. शंकरपटातही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतही, पहिली जोडी आणि पाचवी जोडी डोळ्यांना सारखीच पळताना दिसते, निकाल लावतं ते सेकंद मोजणारं घड्याळ. ‘जोडीत पह्यल्यासारखा दम नाही राह्यला’ असं जोडी हाकणारा जुना धुरकरी म्हणतो, ते त्याला घड्याळाच्या आधी कळलेलं असतं.

म्हणूनच ‘घसरण’ आणि ‘उतरती कळा’ यांत मी फरक करतो. घसरण क्रमवारीत होते, तीही मागाहून. जागतिक गोल्फ क्रमवारी दोन वर्षांच्या कामगिरीची सरासरी घेते. पहिले १३ आठवडे गुण पूर्ण धरतात, पुढच्या ९१ आठवड्यांत ते थोडे थोडे घटत शून्यावर येतात. वूड्सनं नोव्हेंबर २००९मध्ये ऑस्ट्रेलियात स्पर्धा जिंकली, त्यानंतर खासगी आयुष्यातलं वादळ उठलं, २०१०च्या वर्षात त्याला एकही विजय मिळाला नाही, आणि तरीही पहिला क्रमांक ऑक्टोबर २०१०च्या अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहिला. कळा आधी उतरू लागली, घसरण नंतर दिसली.

सुचवलेल्या इतर शब्दांचं बघू. ‘सद्दी’ म्हणजे इतरांवर चालणारा वचक, चलती. मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना वूड्स १४ वेळा १४ही जिंकला होता. ऑगस्ट २००९च्या पीजीए चँपियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगनं पहिल्यांदा त्याला तिथून हरवलं. ‘सद्दी संपली’ हे त्या एका दिवसाला शोभतं, पुढच्या आठ वर्षांना नाही. ‘ओहोटी’ मला इथे पटत नाही. ती रोज दोनदा येते, ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी सरते. शिवाय समुद्र न पाहिलेल्या मुलांना विहिरीचं पाणी ‘खालावलं’ हा शब्द जास्त जवळचा आहे, आणि तब्येतीला तो चालतोही. ‘अधःपतन’ आचरणाचं असतं, खेळाला लावू नये. ‘ऱ्हास’ जंगलाचा, भाषेचा, संस्थेचा. एकट्या माणसाला तो शब्द फार मोठा होतो. ‘अस्त’ म्हटलं की मावळला, विषय संपला, आणि वूड्सचा विषय संपला नव्हता. डिसेंबर २०१७मध्ये त्याचा जागतिक क्रमांक ११९९ होता. सप्टेंबर २०१८मध्ये तो टूर चँपियनशिप जिंकला आणि एप्रिल २०१९मध्ये पाचवी मास्टर्स, म्हणजे पंधरावी मोठी स्पर्धा. अमावास्येनंतर पुन्हा चढती कळा, इतकी सोय याच शब्दात आहे.

सगळ्याच गोल्फपटूंना हा शब्द लावू नका. इयान बेकर-फिंच १९९१ची ब्रिटिश ओपन जिंकला आणि १९९७च्या त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी ९२ फटके मारून बाहेर पडला. त्याचा आपल्या फटक्यावरचा विश्वासच उडाला होता. छोट्या, सोप्या फटक्याला ऐन वेळी हात झटका देतो किंवा आखडतो, हा गोल्फमधला जुना आजार आहे. २०१५च्या सुरुवातीला फीनिक्सच्या स्पर्धेत वूड्सचंही ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या आखूड गवताजवळच्या) छोट्या फटक्यांना असंच झालं आणि एका दिवसात ८२ फटके लागले. याला मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही. कागदाच्या कपट्याला चांगला सवयीचा बैल बुजतो, तसा तो हात ‘बुजतो’. मुलांना हे लगेच कळेल.

एका हंगामाच्या नुकसानीलाही उतरती कळा म्हणत नाहीत. बोंडअळीनं कपाशी गेली तर ‘पीक गेलं’. पाच-सात वर्षं एकेक जिनिंग बंद होत गेलं तर गावाला उतरती कळा लागली.

लिहिण्याचं थोडं. ज्याचं खालावतं त्याला ‘ला’ लावायचा, आणि क्रियापद ‘कळा’प्रमाणे स्त्रीलिंगी: ‘कारकिर्दीला उतरती कळा लागली’. ‘कारकीर्द उतरत्या कळेला लागली’ हे ‘उतरणीला लागली’शी झालेलं कडबोळं आहे; उतरणीला बैलबंडी लागते, कळा मात्र कारकिर्दीला लागते. ‘कारकीर्द’मधला ‘की’ दीर्घ, पण ‘कारकिर्दीला’मध्ये ऱ्हस्व. ‘लागली’ हे सुरुवातीचं क्रियापद आहे, म्हणून त्याच्याबरोबर ‘पासून’ किंवा ‘नंतर’ चांगलं जातं.

मथळा आहे तसाच ठेवा. लेखातलं पहिलं वाक्य मात्र असं करून घ्या: ‘२००८च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर टायगर वूड्सच्या कारकिर्दीला हळूहळू उतरती कळा लागली.’ आणि वर्गात मोठ्यानं वाचताना मुलं ‘कया’ म्हणाली तर म्हणू द्या. कागदावर तेवढा ‘ळ’ असू द्या.