मिराबेलला कुठल्या क्लासला घालू?

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो, घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुली. मोठीला दहावीला ९६ टक्के, आता जेईईचा क्लास चालू आहे. मंडळाच्या गुणगौरवला तिचा सत्कार झाला तेव्हा घरच्यांचा फोटो काढायला मोबाईल धाकटीच्या हातात दिला, मनात तसं काही नव्हतं हो. धाकटी दहाची आहे, 'एन्कान्टो' हा डिस्नेचा कार्टून पिक्चर रोज लावते आणि परवा म्हणाली, आई मी मिराबेल आहे. सासूबाई तिच्यासमोरच विचारतात, हिच्यात काहीच नाही का गं ताईसारखं? डान्स, अबॅकस, कीबोर्ड सगळं करून झालं, कशातच टिकत नाही. कुठला क्लास लावू म्हणजे हिचा गुण सापडेल?
– एक आई

उत्तर : ताई, पिक्चर तुम्ही पोरीच्या बाजूला बसून नीट बघितलाय का? नसेल तर बघा, कारण त्यात तो फोटो आहे. कोलंबियातलं माद्रिगल कुटुंब, पाच वर्षांचं झालं की प्रत्येक पोराला जादूची शक्ती मिळते, मिराबेलला मिळालीच नाही. छोट्या अंतोनियोला मिळते, सगळे फोटोला गोळा होतात आणि ही लांब उभी राहून बघते, तिला कोणी हाकसुद्धा मारत नाही. तुमच्या पोरीने तर फोटो स्वतःच काढला, आता ती मिराबेल नाही म्हणायचं तरी कसं?

क्लास कुठलाच नको, निदान वर्षभर तरी. पिक्चर संपला तरी मिराबेलला इतरांसारखी शक्ती मिळालेली दाखवत नाहीत, मला तेच सगळ्यात आवडलं. आणि तुम्ही नेमकी तीच शोधायला निघालात, पोरीला काय कळतं तर माझ्यात काहीतरी कमी आहे म्हणून ही शोधाशोध.

खरं सांगू, मला काळजी मोठीची जास्त वाटते, जिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत आटपलंत. पिक्चरमधली मिराबेलची मोठी बहीण लुईसा आठवा, तिला ताकदीची शक्ती मिळालेली, गाढवं काय, अख्खं चर्च उचलते, सगळं गाव तिला कामं सांगतं, आणि गाण्यात तिची भीती बाहेर पडते की मी कोणाच्या उपयोगाची राहिले नाही तर माझी किंमत काय. ९६ टक्क्यांवाल्या पोरीला ते गाणं दाखवा आणि मोबाईल बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसा, मार्कांचा विषय अजिबात काढू नका.

सासूबाईंवर चिडू नका. त्या पिक्चरमधली आजी पण खडूस वाटते, पण तिचा नवरा डोळ्यांदेखत गेलेला, घर सोडून पळावं लागलेलं, म्हणून हे परत हातचं जाईल या धास्तीने ती सगळ्यांना धारेवर धरते. तुमच्या घरी कोणी गिरणीत कामाला होतं का ते माहीत नाही, पण लालबागमध्ये १९८२ चा गिरणी संप कोणाला चुकलाय? अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येक घरांत पगार परत आलाच नाही. त्या दिवसांत चूल कशी पेटवली ते सासूबाईंना धाकटीसमोर विचारा, नातीला आजी कळेल आणि बोलता बोलता आजीचा आवाजही खाली येईल, लगेच नाही, पण येईल. तरी 'ताईसारखं' हा शब्द मात्र आजपासून बंद, ते नवऱ्याने आईला सांगायचं, तुम्ही नाही.

बाकी पिक्चरमधलं ते ब्रुनोमामाचं गाणं रोज ऐकून डोकं उठलं असेल तर माझ्याकडे औषध नाही, २०२२ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत ते पाच आठवडे एक नंबरला होतं, तुमच्या घरात किती टिकेल देव जाणे. आणि पुढच्या फोटोला मोबाईल शेजारच्यांच्या हातात द्या.